फुटबॉल मॅनेजर: चौदा नवे खेळाडू घेतले आणि संघच राहिला नाही

तिकटीकर

मंडळी, मदत पाहिजे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

फुटबॉल मॅनेजर २४ (एफएम २४) या कॉम्प्युटर गेमवर इंग्लंडच्या नॅशनल लीगमधला, म्हणजे पाचव्या स्तरावरचा, एक छोटा क्लब घेतलाय. तिथनं वर चढणं किती अवघड ते खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. २४ संघांतले दोनच वर जातात, एक थेट आणि एक प्लेऑफमधून. दुसऱ्या हंगामात आम्ही प्लेऑफची फायनल टायब्रेकरवर काढली आणि लीग टूमध्ये आलो. रात्रीचे अडीच वाजलेले, घरात सगळे झोपलेले. मी आवाज न करता गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि बराच वेळ आत आलोच नाही.

मग नव्या हंगामाची तयारी. बोर्डानं पगाराचं बजेट वाढवलं. मला वाटलं, पाचव्या स्तरावरची पोरं चौथ्या स्तरावर टिकायची नाहीत. एका विंडोत, म्हणजे खेळाडू घेण्या-देण्याच्या मुदतीत, १४ जण आणले: ६ लोनवर (दुसऱ्या क्लबांकडून उसने), ५ फ्री (करार नसलेले), ३ विकत. जुन्यांतले ११ सोडले, त्यात आमचा कॅप्टनही. ३४ वर्षांचा सेंट्रल मिडफिल्डर, २० पैकी अ‍ॅक्सिलरेशन ७, असिस्टंटच्या रिपोर्टात पाचपैकी दीड तारा. रिपोर्ट बघून मी फार विचारच केला नाही.

कागदावर आत्ताचा संघ जुन्यापेक्षा कितीतरी सरस आहे. निकाल मात्र असे: २३ सामने, १९ गुण, २४ संघांत २३वा नंबर. खालचे दोन घसरतात, म्हणजे आत्ता मोजलं तर आम्ही गेलो. खाल्लेल्या ४१ गोलांपैकी १६ गोल ७५व्या मिनिटानंतरचे आहेत. डायनॅमिक्सच्या, म्हणजे संघातली नाती दाखवणाऱ्या, पानावर एकोप्याची पट्टी तळाला टेकलीय.

परवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामना बघताना एकदम डोक्यात आलं. लहानपणी काका मला घेऊन जायचे तेव्हा आमच्या पेठेच्या संघात एक वयस्क हाफ, म्हणजे मिडफिल्डर, होता. धावायचा फार कमी. पण ९० मिनिटं त्याचा आवाज गॅलरीपर्यंत यायचा. कुणी कुठं उभं राहायचं, कुणी कुणाला धरायचं, सगळं तोच सांगायचा. ज्या दिवशी तो नसायचा त्या दिवशी तीच पोरं हरवल्यासारखी खेळायची. मी माझ्या संघातनं नेमका तोच माणूस काढून टाकला का?

जानेवारीची विंडो चार दिवसांत उघडतेय. सेव्ह थांबवून ठेवलाय. काय करू?

आकडेमोड

तारे बघून निर्णय घेतलास, चूक तिथंच झाली.

प्रत्येक खेळाडूची आजची कुवत आणि कमाल कुवत गेममध्ये १ ते २०० अशा आकड्यांत लपलेली असते, ज्याला आपण सीए आणि पीए म्हणतो. तारे म्हणजे ते आकडे नव्हेत. तारे म्हणजे तुझ्या स्टाफनं बांधलेला अंदाज, आणि तोसुद्धा तुझ्याच संघातल्या बाकीच्यांशी तुलना करून. तू १४ बरे खेळाडू आणलेस की जुन्याचे तारे आपोआप उतरतात, माणूस तोच असतो. अंदाज बांधणारा असिस्टंट पाचव्या स्तरावरचाच असेल तर त्याचं 'जजिंग प्लेअर अबिलिटी', म्हणजे खेळाडू पारखण्याचा आकडा, किती आहे ते आधी बघ. ८-९ असेल तर त्याच्या रिपोर्टावर कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं हे ठरवू नकोस.

दुसरं असं की कुवत सारखी असली तरी ती कुठं खर्च झालीय ते प्रत्येकाचं वेगळं. एकाची पळण्यात गेलेली असते, दुसऱ्याची डिसिजन्स, अँटिसिपेशन, पोझिशनिंगमध्ये. ३४ वर्षांच्या मिडफिल्डरचं अ‍ॅक्सिलरेशन ७ असणारच. त्याचं टीमवर्क, लीडरशिप, डिटरमिनेशन किती होतं?

आणि हे चौदा जण: सरासरी वय, पगार, आणि सही करताना कुणाला किती खेळवायचं कबूल केलंस? हे लिही, मग पुढचं बोलू.

शुक्रवार गेट

लई विचार करायलायस भावा. मी सरळ सांगतो. मॅच इंजिनात, म्हणजे गेम सामना चालवतो त्यात, पळणारा जिंकतो. लीग टूमध्ये पेस-अ‍ॅक्सिलरेशन १४ चे दोन विंगर, तसाच एक स्ट्रायकर, मागं जम्पिंग रीच १५ च्या वरचे दोन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू. ४-४-२ लाव, कॉर्नर आणि लांब थ्रोवर मेहनत घे. मी असाच दोनदा वर चढलोय. लीडरशिप बिडरशिप प्रीमियर लीगमध्ये गेल्यावर बघायची.

झिरोवन झिरोटू

मी २००१-०२ च्या चॅम्पियनशिप मॅनेजरपासनं, म्हणजे या गेमच्या जुन्या अवतारापासनं, खेळतोय, राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत सुरुवात झाली. त्या वेळी शुक्रवार गेट म्हणतात ते शंभर टक्के खरं होतं. शेर्नो साम्बा आणि टो माडेरा घेतले की निम्मं काम झालं. माडेरा तर खराखुरा खेळाडू नव्हताच, डेटाबेसमध्ये घुसवलेलं नाव होतं ते. तरी गोलांचा पाऊस पाडायचा, कारण त्या गेमला माणसामाणसांतलं नातं कळत नव्हतं.

आता कळतं. एफएम १८ ला डायनॅमिक्स आलं, एफएम १९ ला मेंटरिंग. खेळाडूंचे सोशल ग्रुप पडतात, संघात कुणाचा शब्द चालतो याची उतरंड असते. वरच्या पायरीवरचा, म्हणजे टीम लीडर, नाराज झाला किंवा त्याला काढलं की त्याला मानणारे नाराज होतात. तिकटीकर, तुम्ही कॅप्टनसोबत आणखी दहा जुने काढलेत, म्हणजे नाराज व्हायलासुद्धा कुणी शिल्लक ठेवलं नाही. आता संघात १४ पाहुणे आहेत आणि यजमान कोणीच नाही. एकोप्याची पट्टी तळाला गेली ती म्हणून.

पेठेचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून तालमीचं लिहितो. माझे आजोबा तालमीत जायचे. ते सांगायचे, नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी डाव शिकवत नसत. आधी हौद्यातली माती उकरायची, त्यात हळद, ताक, लिंबू, तेल मिसळायचं, थोरल्या पैलवानांच्या अंगावर जोर काढायचा. त्यात महिने जायचे. तोवर कुणाच्या आधी उठायचं, हरल्यावर कसं वागायचं, हे न सांगता अंगात उतरलेलं असायचं. मेंटरिंगमध्ये गेम हेच करतो. किमान तीन खेळाडूंचा गट पाडायचा, त्यात संघात वजन असलेला एक वडीलधारा ठेवायचा. त्याचा स्वभाव आणि डिटरमिनेशन हळूहळू पोरांत उतरतं. पण वडीलधारा चांगला पाहिजे. आळशी माणूस गटात टाकला तर त्याचा आळसही उतरतो.

खऱ्या फुटबॉलमधलं उदाहरण द्यायचं तर लेस्टर. २०१५-१६ ला प्रीमियर लीग जिंकली. सगळ्यांना आठवतात कांते आणि माहरेझ, कमी पैशांत शोधून आणलेले. पण त्याच्या आदल्या हंगामात तो संघ एप्रिलमध्ये तळाला होता आणि शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून वाचला. तो गाभा त्यांनी मोडला नाही. श्मायकेल, मॉर्गन, वार्डी तसेच राहिले आणि कांते त्यांच्यात येऊन मिसळला. कॅप्टन वेस मॉर्गन तेव्हा बत्तिशीत होता. त्या विजेत्या हंगामात लीगचं एकही मिनिट तो बाहेर बसला नाही.

तिकटीकर

आकडेमोड, लिहितो.

सरासरी वय २१.८. लोनवरचे सहाच्या सहा १९-२० चे. सामन्याच्या यादीत लोनवरचे पाचच घेता येतात हे मी सहावा घेतल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हणून दर आठवड्याला एक जण बाहेर आणि दर आठवड्याला एक जण नाराज. त्यातल्या दोघांना 'रेग्युलर स्टार्टर' म्हणून आणलं होतं. एकाचा मूळ क्लब त्याला जानेवारीत परत बोलावणार असं दिसतंय.

पगार: जुन्यांत सगळ्यात जास्त मिळवणाऱ्यापेक्षा नव्या चौघांचा पगार जास्त. त्यामुळे जुने उरलेले तिघंही आता वाढ मागायला आलेत.

कॅप्टनचं पान आत्ता उघडून बघितलं. टीमवर्क १६, लीडरशिप १७, डिटरमिनेशन १८, स्वभाव 'रेझोल्यूट'. हे मी तेव्हा वाचलंच नव्हतं. नजर पहिली ताऱ्यांवर गेली, दुसरी पेसवर, आणि बोट 'रिलीज'वर. लिहितानाही वाईट वाटतंय. दोन हंगाम त्यानं एकही सामना चुकवला नव्हता.

तो अजून कुठं गेलेला नाही. फ्री एजंट आहे.

रंकाळा पूर्व

पगाराबद्दल मी बोलतो, कारण वर चढणारे क्लब तिथंच बुडतात.

वर चढताना पगाराचा साचा आधी ठरवायचा, खेळाडू नंतर शोधायचे. माझी पद्धत अशी: सगळ्यात मोठा पगार फक्त दोघांना, एक स्टॉपर किंवा गोलकीपर आणि एक गोल करणारा. मधल्या पायरीवर आठ-नऊ जण. बाकीचे तरुण, कमी पगार आणि सामन्यागणिक बोनस. एकाला जरी साच्याबाहेर दिलं की सगळ्यांच्या एजंटांचे फोन सुरू होतात. तुमच्या तिघांचं तेच झालंय.

करारातल्या कलमांकडे आपली मंडळी बघत नाहीत. खाली घसरलो तर पगार कमी होईल हे कलम प्रत्येकाच्या करारात टाका. 'मॅच हायेस्ट अर्नर', म्हणजे सगळ्यात जास्त मिळवणाऱ्याएवढाच पगार, कुणी मागितलं तर चर्चा तिथंच थांबवा. रिलीज क्लॉज, म्हणजे ठरलेल्या रकमेला खेळाडू सोडायचं कलम, द्यावाच लागला तर तो फक्त वरच्या डिव्हिजनमधल्या क्लबांसाठी ठेवा. आणि आपला पोरगा विकताना पुढच्या विक्रीतला वाटा मागून घ्या. छोट्या क्लबला ते पैसे चार वर्षांनी येतात आणि नेमक्या गरजेला येतात.

इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबकडं बघा. मोइसेस कैसेदोला २०२१ मध्ये इक्वेडोरहून जेमतेम ४-५ दशलक्ष पौंडांत आणला. २०२३ मध्ये चेल्सीनं त्याच्यासाठी ११५ दशलक्षांपर्यंत जाणारा सौदा केला. पण त्याच संघात लुईस डंक, जेम्स मिलनर, ॲडम लल्लाना असे तिशी ओलांडलेलेही होते. विकायची पोरं वेगळी आणि घर धरून ठेवणारी माणसं वेगळी. पहिलीच पाहिजेत म्हणून दुसरी काढून टाकली की पोरांची किंमतही वाढत नाही, कारण पोरं चांगली खेळतच नाहीत.

गोलीताई

७५व्या मिनिटानंतरचे १६ गोल मला टोचताहेत, कारण मी स्वतः कॉलेजच्या संघात गोलकीपर होते. शेवटच्या पंधरा मिनिटांत बचावफळी पायांनी थकते त्याआधी डोक्यानं थकते.

तीन गोष्टी तपासा. बॅकच्या चौघांचं कॉन्सन्ट्रेशन आणि स्टॅमिना. मग सरावाचं वेळापत्रक, कारण आठवड्यात दोन सामने असताना सरावाची इंटेन्सिटी डबल ठेवली असेल तर पोरं सामन्याला थकूनच उतरतात. आणि तिसरं, पुढं असताना तुम्ही मेंटॅलिटी, म्हणजे संघाचा आक्रमकपणा, खाली आणता का? सगळे वर चढून प्रेस करताहेत आणि २१ वर्षांची पोरं ८०व्या मिनिटाला तसंच करताहेत, तर मागं मैदान मोकळं.

शुक्रवार गेट दादा, वेगाचं तुमचं बरोबर आहे, खालच्या लीगमध्ये वेग लागतोच. पण वेगवान माणसाला कधी थांबायचं ते सांगणारा जवळ असावा लागतो. माझ्या सेव्हमध्ये बचावात एक स्टॉपर वेगवान आणि त्याच्या शेजारी पोझिशनिंगवाला, अशीच जोडी असते. दोन्ही वेगवान घेतले तेव्हा दोघं एकाच चेंडूकडं धावले.

मी आता एफएम २६ खेळते. त्यात पहिल्यांदाच महिलांच्या लीग आल्या आहेत, आणि चेंडू आपल्याकडे असतानाची रचना वेगळी, नसतानाची वेगळी ठरवता येते. इतकी वर्षं पुरुषांचेच संघ चालवल्यावर पहिल्या दिवशी यादीत बायकांची नावं बघून मी काही न करता नुसती ती यादी वाचत बसले होते. तिथंही गाभ्याचं गणित हेच लागू पडतं.

उत्तरेश्वर

स्पेनमधल्या ॲथलेटिक बिल्बाओचा सेव्ह कुणी केलाय का? फक्त बास्क प्रदेशातले खेळाडू, म्हणजे तिथं जन्मलेले किंवा तिथं घडलेले. तरी रिअल माद्रिद आणि बार्सिलोनासोबत ला लीगातून कधीच खाली न गेलेल्या तीन क्लबांतला तो एक. २०२४ ला ४० वर्षांनी कोपा देल रे जिंकला. मला तर आपलीच पेठ वाटते ती. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, सगळ्यांची मुळं तालमीत आणि गल्लीत. तिकटीकर, पुढच्या हंगामापासून फक्त आपल्या अकादमीची पोरं घे. मग ड्रेसिंग रूम तुटणारच नाही.

आकडेमोड

उत्तरेश्वर, भावना पटते, सल्ला पटत नाही. बिल्बाओकडं पैसा आणि लेझामासारखी अकादमी आहे. चौथ्या स्तरावरच्या क्लबला वर्षातून एकदा पोरांची तुकडी मिळते, तीही ज्युनिअर कोचिंग आणि युथ रिक्रूटमेंटच्या दर्जाप्रमाणे. पाच-पाच वर्षं एकही खेळण्यासारखा निघत नाही. आणि निघाला तर मोठा क्लब उचलून नेतो. इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबनं या कारणानं २०१६ मध्ये अकादमीच बंद केली आणि बी संघ काढला.

आपल्या पेठांचंही आता तसं राहिलेलं नाही. नोंदणीच्या दिवसांत कोण कुठल्या मंडळात गेला यावर चौकाचौकात चर्चा असते, आफ्रिकेतले खेळाडूही आपण शाहू स्टेडियमवर बघितलेत. त्यातले काही पेठेचे झाले, काही हंगाम संपताच विसरले गेले. फरक पडला तो आलेल्या माणसाला मंडळानं सामावून घेतलं की नाही यानं.

उत्तरेश्वर

मान्य. पण एक तरी आपला पोरगा अकरात असावा असं मला वाटतंच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता तेव्हा सगळं कोल्हापूर टीव्हीसमोर बसलं होतं. ते समाधान विकत घेता येत नाही.

झिरोवन झिरोटू

त्यासाठी एक काम करता येतं. हेड ऑफ युथ डेव्हलपमेंट निवडताना त्याचा स्वभाव बघा. नव्या तुकडीतल्या पोरांच्या स्वभावावर त्याची छाप पडते. 'प्रोफेशनल' किंवा 'मॉडेल सिटिझन' मिळाला तर त्याच्या बाकीच्या आकड्यांत एक-दोन कमी चालतील. पोराची पीए आपल्या हातात नाही, पण तिथवर पोचायचं की नाही हे बऱ्याच अंशी प्रोफेशनलिझमवर ठरतं, आणि तो आकडा गेम आपल्याला दाखवत नाही.

तिकटीकर, विंडो उघडली का?

तिकटीकर

उघडली, संपली, आणि हंगामही संपला. गेले बारा दिवस रोज रात्री खेळलो. सगळं लिहितो.

पहिलं काम कॅप्टनला परत आणलं. पूर्वीपेक्षा कमी पगारात तयार झाला, 'स्क्वॉड प्लेअर' म्हणून. खोटं वचन एकही दिलं नाही. लोनवरचे तिघं परत पाठवले, त्यात एक 'रेग्युलर स्टार्टर'ही गेला. नवे फक्त दोन घेतले, दोघंही तिशीच्या आसपासचे: एक लेफ्ट बॅक, एक स्टॉपर. दोघांचे तारे दोन. दोघांची पानं या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

गोलीताईंचं ऐकून डबल इंटेन्सिटी बंद केली आणि ७० मिनिटांनंतर पुढं असलो की मेंटॅलिटी एक पायरी खाली. त्याच वेळी कॅप्टनला मैदानात आणायचं. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डला नुसता उभा असतो. फार धावत नाही, त्याला धावावंच लागत नाही. दुसऱ्या सत्रात ७५व्या मिनिटानंतर फक्त ५ गोल खाल्ले.

शुक्रवार गेट, तुझंही ऐकलं. ४-२-३-१ सोडून ४-४-२ केलं, दोन्ही विंगर वेगाचे. कॉर्नरवर ९ गोल आले.

पहिले सहा सामने तरी काहीच बदललं नाही. दोन बरोबरी, चार हार. रात्री झोप लागायची नाही, सकाळी ऑफिसला जाताना सायबर चौकातल्या सिग्नलवर थांबलो तरी लाइनअप डोक्यात. सातव्या सामन्यापासून एकोप्याची पट्टी हलायला लागली. शेवटच्या २३ सामन्यांत २९ गुण, एकूण ४८, नंबर विसावा. वाचलो.

आणि उत्तरेश्वर, हे तुमच्यासाठी. मार्चमधल्या तुकडीत एक १६ वर्षांचा मिडफिल्डर आला. मी त्याला वरच्या संघात घेऊन कॅप्टनच्या मेंटरिंग गटात टाकला, सोबत १९ चा राइट बॅक. पोराचं डिटरमिनेशन तेव्हा ९ होतं, पुढच्या हंगामाच्या तोंडावर ११ झालंय. शेवटच्या सामन्यात, वाचणं पक्कं झाल्यावर, ८३व्या मिनिटाला कॅप्टनला बाहेर बोलावून त्याच्या जागी पोराला उतरवलं. आम्ही तो सामना १-२ हरलो.

कॅप्टननं निवृत्ती जाहीर केलीय. मी त्याला १८ वर्षांखालच्या संघाच्या कोचची ऑफर दिली, काल त्यानं ती घेतली.

आता प्रश्न पुढच्या कॅप्टनचा. तिशीतला नवा स्टॉपर आहे, लीडरशिप १५, पण येऊन पाचच महिने झालेत. जुन्या तिघांतला एक राइट मिडफिल्डर आहे, लीडरशिप ११, पण क्लबात सहा वर्षं आहे आणि सगळे त्याला मानतात. पट्टा कुणाला बांधू?

शुक्रवार गेट

राइट मिडफिल्डरला. स्टॉपरला व्हाइस कर. आणि त्या पोराचं पेस किती आहे ते सांगितलं नाहीस.

तिकटीकर

१३.

शुक्रवार गेट

मग विकू नकोस भावा, कुणी कितीही देऊ दे.